कानाला लावला की कट

६ फेब्रु. ०७, मंगळ.
बारवी लाइन, मोबाईलची रेंज तपासणं. जीपच्या टपावर टेस्टचा फोन, मांडीवर लॅपटॉप. कॉल लाव, कट, परत लाव. दिवसभर कोणाशीच न बोलता कॉल. (कथेत घेणे.)
ड्रायव्हर बाळू सारखा स्वतःचा मोबाईल बघतो. बायको सुनीता पहिल्या बाळंतपणाला माहेरी, बारवीच्या वरच्या पाड्यावर. दिवस भरत आलेत. ठरलंय : रोज संध्याकाळी तिचा एक मिस्ड कॉल. म्हणजे बरं आहे.
"फुकटात बायको खुशाल, भाऊ!"
आला. एक रिंग. गडी खुश.

८, गुरु.
बाळूच्या हट्टाने पाड्यावर. रेंज फक्त एका सागापाशी. पानं झडलेली, फांदीला पिशवी, पिशवीत पाड्याचा एकुलता मोबाईल. तिथेच टेस्टचा फोन टांगला. सिग्नल उणे ८४, मस्त. नेट पण चालू, एक फोटो उतरला.
मग कानाला लावला. उणे १०६, म्हणजे जवळजवळ नाहीच. कट. परत लावला. कट.
डोकं सिग्नल पितं, हात पितो. अँटेना फोनच्या पाठीत वरती, बोटं नेमकी तिथेच.
सुनीता पोट धरून हसली. "टांगला का वाजतो, कानाला लावला का मुका."
"मग बोलता कसं?"
"बोलायचं कशाला? रिंग देतो ना आमी."
उतरताना डोक्यात आलं. तिला खरंच बोलायचं असेल तर? लावेल, कानाला नेईल, कट. बाळूकडे एक रिंग. म्हणजे 'बरं आहे'.

९, शुक्र.
बाळूला सांगितलं. "तुम्ही लिहिता ना, म्हणून असलं सुचतं."
म्हटलं, खूण बदल. अडचण असेल तर लागोपाठ दोन रिंग. पण तिला सांगणार कसं? फोनवर तर नाहीच. "परवा रविवार, जाऊन सांगतो."
साहेब : "टपावरचं रीडिंग टाक, साइट पास कर. कान आपल्या स्कोपमध्ये नाही." रिपोर्ट दिला नाही अजून.

१०, शनि.
सकाळी शहरात, कॅम्प ४. एका दुकानात इनडोअर रीडिंग. सिंधी शेठ तापलेला, "साईं, टावर छत पे, और बात करनी हो तो रोड पे?"
तेवढ्यात बाळूचा मोबाईल. एक रिंग. तिचा.
"बघा, आज सकाळीच खुशाल." मोबाईल खिशात.
म्हटलं, लाव. लावला. तिकडून उचलला. "हां—" कट. परत. "हां—" कट. बाई होती, पण सुनीता की तिची आई, कळेना. मग लागेचना.
बाळूने जीप पाड्याकडे काढली. टपावरचा फोन तसाच.

बदलापूर मागे पडलं. अक्षर हलतंय. बाळूचा मोबाईल माझ्याकडे, खालच्या टोकाला दोन बोटांत, कानापासून लांब. लॅपटॉपवर उणे ९१. ९७.
वाजला. एक रिंग.
"काय म्हणते?" बाळू विचारतोय. नजर रस्त्यावर.