पबच्या बागेत उघडलेला डबा

आई, काल मी पबमध्ये डबा उघडला. पब म्हटल्यावर तू पदर सावरून रस्ता ओलांडला असतास, म्हणून आधीच सांगते, हा पब म्हणजे इथे इंग्लंडात आमच्या श्रूजबरीजवळच्या खेड्यातलं एक जुनं लाकडी घर आहे. पुढच्या दारी बिअर मिळते आणि मागच्या बागेत झोपाळे, वाळूचा हौद, बाकांखाली लोळणारी कुत्री. फुटबॉलची मॅच संपली की मुलींची अख्खी टीम आईवडिलांसकट तिथे जेवायला जाते. तुझी नात मात्र दर वेळी मुकाट्याने गाडीत बसून घरी यायची. तिला शेंगदाणा चालत नाही, अगदी जिवावर बेततं, आणि तिथलं सगळं तळण शेंगदाणा तेलात. तू कोशिंबिरीपासून भाजीपर्यंत सगळ्यात मूठमूठ कूट घालायचीस, आणि तुझ्या लेकीच्या घरात आता दाणा औषधालाही नाही. काल ती गाडीत बसायलाच तयार होईना. "मम्मा, आय जस्ट वॉन्ट टू सिट विथ देम," इतकंच म्हणाली. तिच्यासाठी पोळीभाजी बरोबर होतीच, म्हणून गेलो.

बाकावर बसले आणि पुण्यातलं ते गार्डन हॉटेल आठवलं. माझा दहावीचा निकाल लागलाय, बाबा हौसेनं आपल्याला घेऊन आलेत आणि तू सवयीनं पिशवीतून डबा काढतेस. बाहेरचं खाणं इथे चालणार नाही, असं वेटर सगळ्यांदेखत सुनावतो. तू झाकण लावतेस. त्यानंतर तू कधीच हॉटेलची पायरी चढली नाहीस. मला त्या वेटरचा अजून राग येतो.

काल पबची मालकीणबाई आमच्या टेबलाशी येऊन डब्याकडे बघायला लागली, तेव्हा माझा हात झाकणाकडे गेला. पण आई, मी झाकण लावलं नाही. उभी राहिले आणि इंग्रजीत स्पष्ट सांगितलं, "माझ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, तुमच्या किचनमधलं चालत नाही. मी आणि माझा नवरा तुमच्याकडचं मागवू, पण ती हेच खाईल, आणि इथेच, मैत्रिणींबरोबर बसून." बाई आत गेली. परत आली ती कागदी प्लेट्सचं नवंकोरं पाकीट घेऊन. आमच्या ताटल्यांना तेल लागलेलं असतं, हे तुम्हीच फोडा, म्हणाली. मग काय विचारतेस! पोरगी राणीसारखी मधोमध बसली. तिचं जेवून झाल्यावर तिच्या गोलकीपर मैत्रिणीनं बटाट्याची भाजी पोळीत गुंडाळून खाल्ली, तिचं बघून बाकीच्यांनी हात पुढे केले आणि डबा चाटूनपुसून साफ. मॅच आम्ही सपाटून हरलो होतो, पण बागेतून बाहेर पडताना ते कोणाच्या लक्षातही नव्हतं.

येताना तुझा जावई म्हणाला, आज अगदी वाघीण झाली होतीस. मी नाही म्हटलं नाही, उलट घरापर्यंत मिरवून घेतलं. त्याला सांगणार नाही ते तुला लिहिते, कारण तू आता नाहीस आणि हे पत्र कुठेच जायचं नाही. ती बाई नको म्हणाली असती, तर मीही डबा बंद करून उठले असते.