हाक मारायची नाही

रविवार, २ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पेपरात तुझा फोटो आला. यांनी तो कापून इस्त्रीच्या टेबलावरच्या भिंतीला चिकटवलाय. खाली ‘हृदयरोगतज्ज्ञ’ असं छापलंय. तो शब्द वाचेपर्यंत माझा चहा गार झाला. हृदयाचा डॉक्टर म्हणायला काय जीभ झडते या पेपरवाल्यांची? दुसरीतून शाळा सुटलेल्या माणसांनी वाचायचं कसं? आणि तू हसला का नाहीस? तोंड असं केलंयस जणू फोटोवाल्याच्याच छातीत बिघाड सापडलाय. केस पार पांढरे झाले तुझे. माझे नाही झाले. कलप लावते, खोटं कशाला बोलू.

लहानपणी घरातल्या सगळ्यांच्या पाठीला कान लावत हिंडायचास. शेजारच्या कुत्र्यालाही सोडलं नाहीस. म्हणून तू ठोक्या, आणि जगाचा डॉक्टर झालास तरी माझा ठोक्याच. रागावायचं तर रागाव.

लाँड्री बरी चाललीय. लॉजच्या चादरी येतात, मी धुते, हे इस्त्री करतात. यांचं तोंड तेवढं घडी घातलेलं असतं, ते काही उलगडत नाही.

आता खरी बातमी. आईची तंद्री माझ्याकडे आली! आठवतं ना, आई काम करता करता थांबायची. हात जिथल्या तिथे, डोळे अर्धे उघडे. आणि घरचा नियम होता, तंद्रीतल्या माणसाला हाक मारायची नाही. गेलंय ते येईल आपलं आपण.

मी गच्चीवर चादरी वाळत घालत होते. वाऱ्यानं एक चादर फुगली ती फुगलेलीच राहिली, खाली बसेना. सगळे आवाज कुणीतरी उचलून दाराबाहेर नेऊन ठेवल्यासारखे झाले. आणि चादरींच्या पलीकडे आई. पाय पसरून बसलेली, मांडीवर ते निळ्या काठाचं भांडं, मटार सोलतेय. दाणे पडतायत आणि आवाज नाही. मी तिच्याकडे चालले नाही रे, गच्चीच मला हळूहळू तिकडे घेऊन निघाली.

परत आले तेव्हा हे जिन्याच्या तोंडाशी ओल्या कपड्यांची बादली धरून उभे होते. मी नियम सांगून ठेवलाय ना. आईची तंद्री आपल्यातल्या एकाला तरी यायलाच हवी होती. तुला कुठली येणार, तुला सवड नाही. जन्मात मी दुपारची पाठ टेकली नाही, म्हणून ही सोय झाली असं मी समजते.

जेवत जा. माया आहे तेवढी राहू दे, पाणी घालून वाढवलीस तरी चालेल.

तुझी ताई


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. फोटोवाल्याची छाती ठणठणीत होती, काळजी नसावी.

तंद्रीबद्दल थोडं विचारतो, चिडू नकोस. ती उभं असताना येते की बसल्यावरही? आधी डोळ्यांपुढे अंधारतं का? तेव्हा तुझे ओठ कसे दिसतात हे भाऊजींना विचारून कळव. जिन्याच्या कठड्याशी, उकळत्या पाण्याशी एकटी जाऊ नकोस. आणि पुन्हा तंद्री लागली तर भाऊजींनी हाक मारावी. मोठ्यानं मारावी. नियम मोडला तर मोडू दे.

जमेल तितक्या लवकर इकडे निघून ये. तिकीट मी काढतो.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा.

तुझा ठोक्या


शनिवार, १५ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी तुला आईबद्दल लिहिलं आणि तू मला ओठांबद्दल विचारतोस! ओठ तोंडावरच आहेत. तुला बहीण दिसत नाही का रे, नुसती रोगीच दिसते? फोन करू नकोस. फोनवर तू अर्धा असतोस, अर्धा कुणीतरी मागून ओढून नेत असतं.

तंद्री उभ्यानं येते, बसल्यावरही येते. परवा भिजत घातलेल्या कपड्यांपाशी आली. साबणाचा फेस चढत चढत खिडकीपर्यंत गेला आणि बाहेर रस्ता पांढरा झाला. त्या पांढऱ्यातून आई आली, शेजारी बसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. उबदार होता. आता तू सांग, यावर तुझ्याकडे कुठलं औषध आहे आणि मी ते का घ्यावं?

ती गेली तो दिवस तुला आठवतो की नाही कोण जाणे, आपण कधी बोललो नाही. मटारच सोलत होती. तंद्री लागली. बाबा दारात थांबले, मी हातातली भांडी खाली ठेवली, आवाज नको म्हणून. तू तिच्या पाठीला कान लावून बसला होतास, नेहमीसारखा. आपण सगळे वाट बघत राहिलो. किती छान शांत होतं घर. ऊन भिंतीवरून सरकत कोनाड्यापर्यंत गेलं. मग तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं की तुला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलंय. तू बोलला नव्हतास. हाक मारायची नाही असं ठरलेलं होतं ना. कुणाची चूक नव्हती ती. कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

इतक्या वर्षांनी ती मला भेटतेय. तुझ्या इस्पितळात आले तर तुम्ही ती काढून घ्याल. घ्याल की नाही, तेवढं खरं सांग. डॉक्टरसारखं नको, ठोक्यासारखं सांग.

राग आलाय, तरी आशीर्वाद तेवढेच.

तुझी ताई


गुरुवार, २० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हो. काढून घेऊ. आई पुन्हा दिसणार नाही. तुझ्याशी खोटं बोललो तर तू कान पिरगाळशील, आणि पांढऱ्या केसांवर ते बरं दिसत नाही.

ती तंद्री नाही, ताई. ठोका द्यायचा हुकूम हृदयाच्याच वरच्या कप्प्यातून निघतो आणि वाटेत अडतो. खालचा कप्पा बिचारा वाट बघत थांबतो. तेवढा वेळ डोक्याला रक्त मिळत नाही, आणि डोकं जाता जाता आपल्याला आवडतं ते दाखवतं. बहुतेक वेळा हुकूम उशिरानं पोचतो. कधीतरी पोचत नाही. आईचा पोचला नाही. तुझी छाती न तपासता मी हे पत्रात लिहू नये, पण मी आईच्या पाठीला कान लावून वाढलोय. मला तो थांबणारा ठोका पाठ आहे. तेव्हा वाटायचं, सगळ्यांचाच असा थांबतो.

डॉक्टरकीचं पहिलं जाड पुस्तक मी ते एक पान शोधायला उघडलं. सापडलं त्या संध्याकाळी वाचनालयाच्या शिपायानं मला हलवून बाहेर काढलं. मग परीक्षा झाल्या, समुद्रापलीकडचं शिक्षण झालं, हा विभाग झाला. लोक म्हणतात मी मोठी वाटचाल केली. मला विचारशील तर मी त्या पानाच्या फार पुढे गेलोच नाही.

त्या पानावर उपाय होता. पेसमेकर म्हणतात. काडेपेटीहून लहान यंत्र, खांद्याजवळच्या हाडाखाली कातडीत बसवतात, तिथून तार हृदयात. हुकूम अडला की ते हळूच टिचकी मारतं. माझ्याकडे एक सुतार आला होता, त्याला लाकडाचा भुसा वर उडताना दिसायचा, बर्फ उलटा पडावा तसा, आणि त्यात त्याचा मेलेला कुत्रा खेळायचा. एक म्हाताऱ्या शिक्षिका होत्या, त्यांच्या वर्गात समुद्र आत यायचा आणि बाकांखाली शांत पडून राहायचा. यंत्र बसवल्यावर मी विचारतो, गेलं का? ते म्हणतात गेलं, आणि जरा हिरमुसतात. पण पुढच्या तपासणीला स्वतःच्या पायांनी येतात.

मी स्वतः बसवणार नाही. घरच्या माणसावर हात चालवायचा नाही असा आमच्यात रिवाज आहे. माझी एक विद्यार्थिनी बसवेल, तिचा हात माझ्याहून हलका आहे.

आई मलाही हवी आहे, ताई. पण मला तू जास्त हवी आहेस. ये.

लोभ आहे तो तुटू देऊ नये.

तुझा ठोक्या


मंगळवार, २५ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिकीट काढ. आम्ही दोघं येतोय.

काल हंड्यापाशी पडले. उकळत्या पाण्यानं कोपरापर्यंत हात भाजलाय. मलम लावलंय, हाय खाऊ नकोस.

पडताना मी पडले नव्हतेच. हंड्याची वाफ ढगासारखी पसरली होती आणि मी तिच्यावर बसून चालले होते. आई तिथंच होती, भांडं मांडीवर. मी तिच्याशेजारी बसणार तेवढ्यात लांबून कुणीतरी ओरडलं. आईनं मान वर केली. इतक्या वेळा दिसली पण बोलली पहिल्यांदा. म्हणाली, तुला हाक आलीय, तू जा. मला कुणी मारली नाही म्हणून मी बसून राहिले.

डोळे उघडले तर हे माझ्या तोंडावर वाकून बोंबलत होते. ज्या माणसाचा आवाज लग्नापासून शेजाऱ्यांनी ऐकलेला नाही, तो अख्खी गल्ली गोळा करून बसला होता. तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं होतं ना, मोठ्यानं मारावी म्हणून. यांना पहिल्यांदाच कुणाचं तरी काहीतरी पटलं.

आईचं ते बोलणं माझ्या डोक्यानंच केलं असेल. तू तसंच म्हणशील. म्हण.

जपून आहे. माया तशीच.

तुझी ताई


रविवार, ६ एप्रिल

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरी सुखरूप पोचलो. जखम कोरडी आहे. डावा हात वर करायचा नाही म्हणालात, म्हणून चादरी हे वाळत घालतात. वाकड्या घालतात. मी खाली बसून शिव्या घालते, तेवढी मोकळीक तुझ्या डॉक्टरीणबाईनं दिलीय.

पोर गुणी आहे. यंत्र बसवताना मी जागीच होते, ती हात चालवता चालवता माझ्याशी लाँड्रीच्या गप्पा मारत होती. काचेपलीकडे तुझी पाठ दिसत होती. सगळे आत बघत होते, तू एकटा भिंतीकडे तोंड करून. एवढा मोठा तज्ज्ञ! मला हसू आलं तर ती म्हणाली हलू नका.

आई दिसत नाही आता. गच्चीवर मुद्दाम बसून बघितलं. चादर फुगते आणि खाली बसते. होईल सवय.

पण लिहायचंय ते वेगळंच. तुझ्या वॉर्डात जरा डोळा लागला की ती जाडी नर्स येऊन ओरडायची, ताई! ओ ताई! एकदा झालं, दोनदा झालं, मग मी तिला झापलं, की बाई, माणसाला झोपू द्याल की नाही? ती म्हणाली, मोठ्या डॉक्टरांचा नियम आहे. पेशंट गप्प बसलेला दिसला की हाक मारायची, आणि तो ओ देईपर्यंत हलायचं नाही. यंत्रं लावलेली असली तरी. शिकाऊ पोरं यावरून तुझी नक्कल करतात म्हणे. ती हसत होती. मी नाही हसले. भिंतीकडे वळले आणि पांघरूण तोंडावर घेतलं. ती पुन्हा ओरडली, आणि या वेळी मी मुकाट्यानं ओ दिली.

निघायच्या आदल्या दिवशी तुझ्या खोलीवर आले होते, तुला माहीत नाही. एक खाट, एक खुर्ची, खुर्चीवर कपडे, खिडकी वॉर्डाकडे. तू खाटेवर बसला होतास. हातात अर्धा पाव, डोळे खिडकीत. चहावर साय धरलेली. मी दारात थांबले आणि जुन्या खोडीनं गप्प उभी राहिले. मग आल्या पावली परत गेले.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईला सांगून तुला बळेच टेबलावर झोपवलं आणि तुझी छाती बघायला लावली. तुझं हृदय घोड्यासारखं चालतंय म्हणाली. गाडी सुटताना मी तुझ्या पाठीला कान लावला, माणसं बघत होती, बघेनात का. मलाही तसंच ऐकू आलं. मग ही तुझी तंद्री कसली रे?

मला गाडीत कळलं. त्या दिवशी आईच्या पाठीला लावलेला कान तू अजून काढलेलाच नाहीस. जगाला हाका मारायला लावतोस आणि स्वतः तिथंच बसून आहेस. घरी येतोस तो उभ्या उभ्या, घड्याळाकडे बघत. आणि आम्ही सगळे गप्प. डॉक्टर मोठा आहे, कामात आहे, हाक मारायची नाही. बाबा तसेच गेले वाट बघत. मीही तेच केलं तुझ्या दारात.

आता नियम मोडला. हाक मारतेय. ठोक्या! कान काढ तिच्या पाठीवरून. ती गेलीय. ऊठ, आणि घरी येऊन चार दिवस राहा.

मटार आणलेत. आईचं भांडं नाही वापरायचं, मी स्टीलचं पातेलं काढलंय, दाणे पडले की खणखणतील असं.

ओ देईपर्यंत मी हलणार नाही.

तुझी ताई


बुधवार, ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

ओ.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. मटार मी पोचेपर्यंत सोलू नकोस.

तुझा ठोक्या