टिचकी गप्प झाली

३ जानेवारी

ती. ताई,
तुमच्या भावजयीचा नमस्कार. इकडे सगळे ठीक, तिकडेही असालच.

पिल्लू सुखरूप पोचलं. तुमच्या ओळखीच्या ड्रायव्हरने टोपली दारात ठेवली आणि अंगठा चोखत जिना उतरला. त्याने वाटेत लाड करायला हात घातला असणार. नाव तुमच्या बंधुराजांनी ठेवलं, टिचकी. टिचभर जीव, पण दात म्हणजे दाभणाची टोकं.

तुम्ही लिहिलं होतंत की ही जात मोठी झाली तरी मांडीवर मावते. मावेल हो, पण बसेल तेव्हा ना! जे हलेल त्याला चावते. माझ्या टाचा, खळीचा ब्रश, पुस्तकं शिवायचा दोरा. आणि भुंकणं! जिन्यात पाऊल वाजलं की भुंकते, बाइंडिंगचा शिकंजा करकरला की भुंकते, काही झालं नाही तर स्वतःच्या शेपटीवर भुंकते. एवढ्याशा अंगात एवढा आवाज कुठे मावतो कोण जाणे.

तुमचे भाऊ मजेत आहेत. हल्ली बरंच बोलतात. परवा म्हणाले, "टिचकी, आज भाजीत मीठ कमी पडलंय." काल म्हणाले, "टिचकी, दोरा संपत आला बघ." मी लगेच जाऊन दोऱ्याची रिळं आणली. घरात आवाज आला, ताई. तिला पाठवलंत ते फार बरं केलंत.

हे फोनवर सांगता येत नाही. फोन वाजतो तेव्हा ते समोरच काम करत असतात. चावणं आणि भुंकणं कसं थांबवायचं तेवढं सविस्तर लिहून पाठवा. तुमच्याकडे या कुत्र्यांच्या पिढ्या वाढल्यात.

तुमची भावजय


२२ जानेवारी

ती. ताई,
नमस्कार. पत्र मिळालं, उपायही समजला. चावली की हात काढून घ्यायचा, उठायचं, पाठ करायची. बोलायचं नाही, बघायचंही नाही, कारण रागावणंसुद्धा तिला लाडच वाटतं. शांत झाली की मात्र उशीर न करता जवळ घ्यायचं, खाऊ द्यायचा. भुंकण्यालाही तेच औषध. "अबोला धरायचा गं, दुसरं काही नाही," असं तुम्ही लिहिलंत. मी ते वाचून आधी हसले.

घाई करायला हवी आहे. खालच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून येते आणि सकाळी झोपते. ती वर आली. भांडली असती तर बरं झालं असतं. डोळे लाल, केस तसेच विस्कटलेले, दारालाच टेकून म्हणाली, "काकू, मला झोप मिळाली नाही तर एखाद्याला भलतंच इंजेक्शन देऊन बसेन हो मी." तिच्यामागोमाग घरमालक. "महिनाभर वाट बघतो. गप्प करा, नाहीतर जिथून आली तिथे पाठवा."

मी प्रयत्न केला, ताई. टिचकीने पाय धरला, मी उठले, पाठ केली. ती फिरून समोर आली. मी पुन्हा वळले. ती पुन्हा समोर, मान वर करून माझा चेहरा शोधत होती. माझ्याच्याने नाही झालं. खाली बसून तिला उचलली आणि तिने माझ्या हनुवटीला चावा घेतला.

का झालं नाही ते आता सांगूनच टाकते. तुमचे भाऊ माझ्याशी बोलत नाहीत. बाइंडिंग शिकायचं नाही म्हणून मुलगा घर सोडून गेला, त्या सकाळी त्याची बॅग मी भरून दिली होती. हे त्यांना कळलं त्या दिवसापासून एक शब्द नाही. दोन हिवाळे गेले. आम्ही एकाच टेबलाशी बसतो, मी छापील पानांचे फॉर्म शिवून पुढे सरकवते, ते खळ लावून शिकंज्यात घालतात. काम चोख होतं, गिऱ्हाइकांना काही कळत नाही. तुम्ही फोनवर "सगळं बरं ना?" विचारता, मी हो म्हणते. बॅग भरली यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही, आणि ते त्यांना माझ्या तोंडावर दिसतं.

ते जे काही बोलतात ते टिचकीशी. माझ्या भाजीत मीठ कमी पडतं हे मला तिच्यामुळे कळलं. ती गेली तर या घरात कुणी कुणाशी बोलणार नाही, म्हणून तिला शिकवायलाच हवं. ते मला जमत नाही, तेव्हा तुमचं पत्र वाचून तुमच्या भावांनी ते काम हातात घेतलंय. त्यात त्यांचा हातखंडाच आहे.

तुमची भावजय


१७ फेब्रुवारी

ती. ताई,
नमस्कार. टिचकी शिकली.

तिने दात लावले की तुमचे भाऊ उठून खिडकीशी जायचे, पाठ करून उभे. त्यापेक्षा भिंत बरी. टिचकी आधी ओरडायची, मग कुंई कुंई करायची, मग दमून बसायची. आणि बसली रे बसली की हे वळायचे! तिला उचलून छातीशी धरायचे, "शहाणी गं माझी ती" म्हणायचे, बिस्किटाचा तुकडा भरवायचे. चहाला आधण येईपर्यंतसुद्धा त्यांचा अबोला टिकायचा नाही. मी हातातली सुई तशीच धरून बघत राहायचे.

मला इतके दिवस वाटायचं, या माणसाला अबोला धरता येतो, सोडता येत नाही. तुम्हीही लग्नात मला हेच सांगितलं होतंत, "तो वाईट नाही गं, त्याला माघारी फिरता येत नाही." येतं, ताई. छान येतं. हे बघायला मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

आता दारात कुणीही आलं तरी टिचकी नुसती मान उचलते आणि पुन्हा पंजांवर ठेवते. घरमालक खूश आहेत. नर्स मुद्दाम वर येऊन गेली. "काकू, वर कुणी राहतं की नाही तेच कळत नाही आता," म्हणाली बिचारी, कौतुकाने. मी तिला चहा दिला.

भुंकत नाही म्हणून तिला रागवायचं कारण नाही, कारण नाही म्हणून बोलणंही नाही. तिला रागावता रागावता निघायचं ते मीठ, दोरा, सगळं बंद झालं. तिला मांडीवर घेऊन गुपचूप काम करतात. मी मुद्दाम भाजी अळणी केली, एकदा नाही, बऱ्याचदा. ते मुकाट्याने जेवून उठले.

काल मी वेडेपणा केला. पिशवी न घेताच बाहेर पडले, दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभी राहून आमच्याच दाराची बेल वाजवली. वाटलं, टिचकी दचकून भुंकेल, हे तिच्यावर ओरडतील, काहीतरी आवाज होईल. पुन्हा वाजवली. आत चिडीचूप. मग त्यांनीच दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, आणि दार तसंच टाकून आत गेले. मी चपला काढत होते तेव्हा आतून आवाज आला, "शहाणी गं माझी ती. बेल वाजली तरी गप्प."

ताई, मीही गप्पच बसले आहे हो. किती बसायचं असतं?

याचा उपाय मी विचारत नाही, तुमच्याकडेही नसणार. तुम्ही त्यांच्याशी बोलूही नका, उलटच व्हायचं. एवढंच करा. पाकिटावर दरवेळी दोघांचं मिळून नाव घालता, या वेळी माझं एकटीचं घाला. पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत. आमचा पोस्टमन जिन्यातूनच नाव वाचून हाक मारतो, घरभर ऐकू येते.

आत कोरा कागद असला तरी चालेल.

तुमची भावजय