विहीणबाईंच्या लुगड्याचा रंग

देऊळघाट, ता. २ मे १९६२

रा. रा. वामनराव यांस,

इंद्रभानचा मनापासून रामराम. तुमची बहीण सत्यभामा बरी असून तुमच्या पोटाची चौकशी करते. (खाणावळीचं खाऊन तुम्ही वाळलात हे मी तिला सांगितलं नाही, तिनंच ओळखलं.) परवा तुमच्या खोलीवर न परतता मी परस्पर स्टेशन गाठलं, त्याचा राग आला असेल. आधी ऐका, मग रागवा.

कोकिळेच्या लग्नाचं सगळं जमलं आणि विहीणबाईंच्या मानाच्या लुगड्यापाशी येऊन अडलं, हे तुम्ही जाणताच. पहिलं लुगडं मी खामगावातून दिवेलागणीला घेतलं. अमडापूरला व्याह्यांकडे सकाळी उघडलं तर मोरपंखीचं काळं झालेलं. विहीणबाई रुखमाबाईंनी पसंतीच्या रंगाची चिंधी माझ्या हातावर ठेवली अन् म्हणाल्या, "आता चुकलं तं अक्षता तुमच्याच घरी ठेवजा." तेव्हापासून माझी झोप उडाली, आणि म्हणून मुंबई.

रजा नसल्यानं तुम्ही मला ज्या साहेबाच्या काळातल्या दुकानाशी सोडून गेलात, ते मला आधी हायकोर्टच वाटलं. वर घुमट, दगडी खांब, माणसं वर नेणारा पितळी जाळीचा पाळणा. आत गादी नाही, कोणी बसा म्हणत नाही, पाणी विचारत नाही. प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी, म्हणजे घासाघीस करायची सोयच नाही. तिसऱ्या मजल्यावर चिंधीशी जुळतंसं लुगडं सापडलं, पण तिथं भरदिवसा विजेचे दिवे! आपल्याकडे दुकानदार स्वतःच म्हणतो, उन्हात नेऊन पाहा. मी तिथल्या बाईला म्हटलं, "बाई, जरासं उन्हात पाहून येतो." ती हसली. (तिला माझं बोलणं कळलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.)

लुगडं खांद्यावर टाकून जिना उतरलो. दरवान कोणा पारशीणबाईसाठी टॅक्सी बोलावत होता. बाहेर फुटपाथवर छप्पर. पलीकडे गेलो तर समोरच्या इमारतीची सावली, कोपऱ्यावर बँकेची सावली. त्या भागात जमिनीपर्यंत ऊन येतच नाही हो! शेवटी ट्रामचे रूळ ओलांडले, तेव्हा एका पुतळ्यापाशी हातभर ऊन मिळालं. लुगडं उलगडून चिंधी लावली. अगदी तोच रंग! वामनराव, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि तीन माणसं धावत येताना दिसली. कोणी चोर पळाला असेल म्हणून मीही मागं वळून पाहिलं.

मग मॅनेजरची खोली. दार बंद. टेबलावर लुगडं आणि शेजारी पुरावा म्हणून माझी चिंधी. त्यानं पोलिसांना बोलवायला फोनला हात घातला. मुलीचा बाप लुगडं चोरताना सापडला, ही बातमी अमडापूरला पोचली की कोकिळेचं लग्न मोडलंच. मी पैशाचा रुमाल सोडला, हात जोडले, चिंधीची सगळी हकीकत दोनदा सांगितली. अर्ध्या तासानं तो हसला. माफीनामा लिहून घेतला, बिल केलं आणि सोडलं. मी घामानं भिजलेला तसाच गाडीत बसलो. लुगडं मिळालं आणि अब्रूही वाचली, एवढंच कळवायचं होतं.

तुमचे दाजी,
इंद्रभान

ता. क. अब्रू वाचली ती अशी, की नाव विचारताच भीतीनं तोंडून तुमचं निघालं. मग ऑफिसही तुमचंच सांगावं लागलं. माफीनाम्यावर आणि बिलावर वामनराव आहेत. कोणी चौकशीला आलं तर हो म्हणा; तुम्हाला कुठं लग्नाची मुलगी आहे?

आणखी ता. क. काल संध्याकाळी रुखमाबाईंनी लुगडं पाहिलं. म्हणाल्या, "लगन गोरज मुहूर्ताचं हाय, तवा ऊन कुठून आनसान? गॅसबत्तीत हे मातकट दिसते. बदलून आना." बिलावर छापलंय की ज्याच्या नावाचं बिल, त्यालाच बदलून मिळेल. म्हणून लुगडं, चिंधी आणि बिल आजच पार्सलनं तुमच्याकडे पाठवलं आहे. लग्न वीस तारखेला. अडचण एवढीच, की त्या दुकानात आता वामनरावांना सगळे चेहऱ्यानं ओळखतात. तेव्हा आजपासूनच माझ्यासारख्या मिशा वाढवायला लागा.