न धुतलेली साडी

मंगळवार, दिवेलागणीले

आज पहिले वांगे तोडले. टोपलंभर! रानडुकरांनी दोनदा वाफे उकरले, तवा शेजारची शेवंताबाई म्हणे, "सोडून दे व, बजारातून आण." मी काऊन सोडू?

चूक माहीच होती. कुंपणाले जुन्या साड्या बांधल्या, त्याही साबणानं धुऊन! मळकी साडी लोकायसमोर कशी टांगू? पण डुकराले भेव असते माणसाच्या घामाच्या वासाचा. मंग धानाच्या रोवण्यात नेसलेली हिरवी साडी तशीच टांगली, घामाची, चिखलाची. लाज वाटली. पण डुक्कर फिरकलं नाई.

आताच शेवंताबाई येऊन गेली. मले वाटलं, वांगे मागते. तर हळूच म्हणे, "तुही एखादी न धुतलेली साडी देतं का?"

म्हटलं, "सोताच्या घामाची बांध, बाई."