चोरखटका

अहो,

हसू नका माझ्या अक्षराला. आज सकाळी तुमची गाडी सुरू झाली! हे तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला?

तुम्ही गेल्यापासून दोन पावसाळे ती दारात ताडपत्रीखाली उभी होती. बागवाल्या पारश्याकडून ही जुनी मोटार आणलीत तेव्हा मी किती बोलले होते! पण नवापूरहून बोईसर स्टेशनला माणसं आणि मासळीच्या पाट्या नेताना काय तो तुमचा तोरा! शेजारी म्हणाले, भंगारात घाल. मी ऐकते होय?

मनोरहून उस्मान मिस्त्रीला बोलावलं. खाऱ्या हवेने डॅशबोर्डवरचे सगळे खटके गंजून गेले होते. तसेच कुठे मिळेनात. त्याने जुन्या लॉरीचे आणले, तर ते भोकांत जाईनात. बसलो दोघं कानस घेऊन. कुठली तार कसली हे विसरू नये म्हणून मी जाळ्याचं सूत बांधलं. दिव्याच्या तारेला एक गाठ, वायपरच्या दोन, हॉर्नच्या तीन.

एक तार मात्र जास्तीची निघाली. ती मागून खाली उतरून पार सीटखाली गेली होती.

"भाभी, ह्यो चोरखटका हाय. ह्यो दाबल्याबिगर गाडी सुरू व्हायचीच नाय. दादांनी सांगितलं नव्हतं?"

मी सीटखाली हात घालून तो खटका चाचपला.

तुम्ही गेलात त्या दुपारी तुमचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली. धाकट्या बाळूभावजींना गाडी येत होती. हँडल मारून मारून त्यांच्या हाताची सालं निघाली, पण गाडी हूं की चूं करेना. तुम्ही खाटेवरून एकसारखं बोट खाली दाखवत होतात. मला वाटलं, खाटेखालचा तांब्या मागताय. मी आपली पाणी पाजत राहिले हो! शेवटी बैलगाडी जुंपली. पालघरचं हॉस्पिटल कुठलं, बोईसरसुद्धा आलं नाही.

चोराची एवढी भीती, की बायकोलाही सांगू नये? राग आला मला तुमचा. अजून आहे. आणि ते बोट आठवलं की रडू आवरत नाही.

उस्मान म्हणाला, "नवा चोरखटका बसवू ना?"

"तोड ती तार नि सरळ जोड," म्हटलं. "सगले खटके समोर पायजेत. आंधल्याला पण सापडतील असे."

गाठींचं सूत आता मी खटक्यांनाच बांधलंय. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनाही हाताला कळेल.

भावजी मला गाडी शिकवतायत. आज पहिल्याच खेपेला मी ती कुंपणावर घातली. सगळी आळी हसली. हसू दे. उद्या परत बसणार आहे.

माझा शब्द घ्या, ही गाडी आता कोणासाठी अडून राहायची नाही. किल्ली दाराबाहेर खुंटीला लावलीय. आळीत सांगून ठेवलंय, कोणाला दुखलंखुपलं तर मला विचारत बसू नका. किल्ली घ्या आणि निघा.

तुमचीच,
जानकी