कवडशाची जाहिरात

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठ्या मोहिमांची नोंद राहायला हवी.
हिचा गेम तयार झाला. नोकरी सांभाळून, जेवणाच्या टेबलावर बसून, एकटीने केला. नाव ‘कवडसा’. घरात एक मांजर झोपलेलं असतं. खिडकीतून ऊन येतं. आपण आरसे फिरवत तो कवडसा मांजरापर्यंत न्यायचा. पोचला की मांजर उठतं, आळस देतं. मग पुढची खोली.
छान आहे. पण छान गोष्टी आपोआप खपत नाहीत. ऑनलाइन दुकानात रोज ढीगभर गेम येतात. गिऱ्हाईक एक चित्र बघतं, चार ओळी वाचतं, थांबतं नाहीतर सटकतं. ही म्हणाली, चित्र मीच काढते. मी म्हटलं, माल करणाऱ्याने विकायला बसू नये. मी कित्येक वर्षं पाण्याचे पंप विकतोय. पंपाकडे बघून कुणाच्या मनात प्रेम दाटून येत नाही, तरी विकतो. मांजर म्हणजे डाव्या हातचा मळ.
हिने जरा विचार केला आणि हो म्हणाली. विश्वास आहे.

५ फेब्रुवारी, सकाळ
बाजाराचा अभ्यास. सगळ्यात खपाऊ गेमांची चित्रं पाहिली. आग. धूर. तलवार. झगा घातलेला पाठमोरा माणूस. मांजर एकही नाही. निष्कर्ष उघड आहे.

संध्याकाळ
हिने विचारलं, गेम पूर्ण खेळलास का? म्हटलं, अंदाज आला. तीन खोल्या झाल्या. चौथीत आरसे जास्त आहेत आणि मला कामं आहेत. शिवाय विकणाऱ्याने मालाच्या फार जवळ जाऊ नये. पंपात मी कधी उतरलो होतो?

८ फेब्रुवारी, रविवार
चित्र तयार! फुटणारा सूर्य. खाली जळतं शहर. मधे झगेवाला, हातात ढालीसारखा आरसा. कोपऱ्यात मांजर, डोळे लाल. नावाच्या प्रत्येक अक्षराला ज्वाळा. वर सोनेरी पदक: ‘सर्वोत्कृष्ट गेम’. ही म्हणाली, कोणी दिलं? म्हटलं, मिळणारच आहे, आधी लावलं तर काय बिघडलं.
सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी आमच्याकडे आल्यात. त्यांना दाखवलं. चष्मा पुसला, नीट पाहिलं, म्हणाल्या, “टोमॅटो छान कापलाय.”
सासूबाई म्हणजे बाजार नव्हे.

११ फेब्रुवारी
वर्णन लिहून झालं. सुरुवात: ‘अनादी काळापासून अंधार आणि प्रकाश यांच्यात घनघोर संग्राम चालू आहे.’ पुढे मानवजातीचा प्रवास, मग नियती, मग पुन्हा संग्राम. मांजर सहाव्या परिच्छेदात येतं. उत्कंठा ताणली पाहिजे. ही वाचता वाचता दुसऱ्या परिच्छेदात पाणी प्यायला उठली ती परत आली नाही. भारावली असावी.

१४ फेब्रुवारी
ऑनलाइन दुकानाने चित्रं आणि वर्णन परत पाठवलं. म्हणे पदक काढा. आणि आतल्या पानावरची चित्रं गेममधलीच हवीत, जळतं शहर गेममध्ये कुठे आहे? नोकरशाही! ज्वाळा तेवढ्या वाचवल्या, वरच्या मुख्य चित्रावर.
आणखी एक: दुकानाच्या यादीत चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं. तेवढ्या आकारात नाव वाचता येत नाही असं हिचं म्हणणं. मी म्हटलं, त्यानेच कुतूहल वाढतं. ही म्हणाली, “अरे, पण लोकांना कळायला नको का, काय आहे ते?” कळलं तर घेतील कशाला! धंद्यातली ही गोम हिला समजावणं कठीण.

२० फेब्रुवारी
गेम विक्रीला लागला. ऑफिसमध्ये पेढे वाटावेत असा विचार होता, पण मोठा आकडा येईपर्यंत थांबतो.

२२ फेब्रुवारी
आकडा छोटा आहे. पण दर्जेदार. अभिप्राय आले:
‘सैन्य कधी येतं?’
‘अर्धा तास आरसे फिरवले. एकही शहर जळलं नाही. पैसे परत हवेत.’
‘आत गोड मांजर आहे. फसवणूक.’
चर्चा सुरू झाली, हे महत्त्वाचं.

२३ फेब्रुवारी
बहुतेकांनी गेम परत केला. ऑफिसातून आलो तेव्हा ही टेबलावर लॅपटॉप बंद करून बसली होती. म्हटलं, काय झालं?  म्हणाली, “ज्यांना आवडला असता ते चित्र बघूनच पुढे गेले रे. ज्यांना आवडणारच नव्हता ते आत आले.” मी तिला आमच्या अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपाचं उदाहरण दिलं, जो आधी मुळीच खपला नव्हता. नंतर खपला का, हिने विचारलं. नंतर बंद केला. ही उठून आत गेली.
ताटात पोळीऐवजी ब्रेड आला. वाच्यता केली नाही.

२४ फेब्रुवारी
उपाय सापडला. ज्वाळा कमी पडताहेत. दुप्पट करणार. झगेवाल्याला तलवार देणार. शनिवारी बसतो.

२७ फेब्रुवारी
शनिवार यायच्या आत हिने सगळं बदलून टाकलं. मला न विचारता!
आता चित्रात फक्त फिकट भिंत, जमिनीवर झोपलेलं मांजर, आणि त्याच्या नाकापासून वीतभर अलीकडे थांबलेला उन्हाचा चौकोन. नाव जाड, साध्या अक्षरांत. तिकिटाएवढं केलं तरी वाचता येतं. म्हणजे कुतूहल संपलं. वर्णन तीन वाक्यांचं: ‘मांजर झोपलंय. ऊन दुसऱ्याच खोलीत आहे. तुमच्याकडे आरसे आहेत.’
संग्राम नाही. नियती नाही. मी स्पष्ट सांगितलं, हे बुडणार.
सासूबाईंनी पाहिलं आणि सरळ पडद्यावर बोट ठेवून ऊन पुढे ढकलायला लागल्या. “अगं, एवढंसंच राहिलंय, सरकव की!” ही हसली. बऱ्याच दिवसांनी.
सासूबाई म्हणजे बाजार नव्हे, असं मी पुन्हा एकदा म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

४ मार्च
गेम खपतोय. चांगलाच. माझ्या मोहिमेची फळं जरा उशिरा लागली. आधी आग दाखवून लोकांना दमवलं, म्हणून आता त्यांना मांजर बरं वाटतंय. ऑफिसमध्ये तसं सांगितलं. पेढे वाटले.

६ मार्च
अभिप्राय येतच आहेत. पुष्कळ जण लिहितात, शेवटच्या खोलीतला माणूस भारी आहे. एकाने लिहिलंय, ‘शेवटच्या माणसाला पाहून आमच्या घरी सगळे माझ्याकडे बघायला लागले.’ कोण माणूस? गेममध्ये मांजर आहे.

७ मार्च
जेवताना ही म्हणाली, दुकानात आणखी एक चित्र टाकायचंय, कुठली खोली टाकू? म्हटलं, अर्थात शेवटची. म्हणाली, “तीच का?” म्हटलं, त्यातलं मांजर फार गोड आहे.
सासूबाईंना ठसका लागला. ही माझ्या ताटाकडे बघत राहिली, मग पाणी आणायला उठली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

८ मार्च, रविवार
गेम खेळायला बसलो. चौथ्या खोलीत अडकलो. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांचा दोनदा पूर्ण झालाय. “डावीकडचा आरसा, जावईबापू.” मग प्रत्येक खोलीत तेच. गेम चांगला आहे. म्हणजे खरोखर चांगला. एका खोलीत ऊन पाण्याच्या पेल्यातून वळतं आणि छतावर हलतं, तेव्हा मी ‘वा’ म्हणालो. आतल्या खोलीतून हिने विचारलं, “कितवी?”
दुपारी शेवटची खोली. मांजर नाही. आमचाच सोफा. त्यावर एक माणूस, तोंड उघडं, छातीवर मोबाईल. सगळे आरसे जुळवून ऊन त्याच्या चेहऱ्यावर नेलं. त्याने कूस बदलली आणि पाठ करून झोपला. गेम संपला.
ही दारात उभी होती. विचारलं, हा उठत का नाही?
म्हणाली, “उठवून पाहिला रे. तीन-चारदा तसं लिहून बघितलं. पण खोटं वाटायला लागलं.”
मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. 
मिशी मात्र हुबेहूब काढली आहे.